पाच मिनिटं गोड्या पाण्यात

"अहो, लवकर या. हा परत अंग घासतोय."

दाढी अर्धवट टाकून तो बाहेर आला. बायको बैठकीतल्या माशांच्या टाकीसमोर उकिडवी बसली होती. आत तळहाताएवढा पिवळाधमक मासा, हळद्या, आडवा झाला, दगडावर पोट खरवडून सुसाट सुटला आणि पुन्हा तेच. त्याच्या डाव्या डोळ्यावर दुधाची साय धरल्यासारखी दिसत होती.

"काल नुसता घासत होता. आज तोंडसुद्धा लावलं नाही खाण्याला."

तो वाकून बघत राहिला. बघण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तो परक्यांचं रक्त आणि शौच तपासत आला होता. कुणाच्या पोटात कुठला जंत, हे काचपट्टीवर नजर टाकताच सांगायचा. डॉक्टर त्याला कौतुकानं किडेमास्तर म्हणत. घरात मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बायकोनं बजावलं होतं, "तुमचे ते किडे उंबऱ्याबाहेर. नावसुद्धा काढायचं नाही." त्यानं काढलं नव्हतं. आता निवृत्तीला नऊ दिवस उरले होते.

खाऱ्या पाण्याची टाकी बायकोची. मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा तिनं ती मांडली. पाण्यात मीठ कालवणं, खारटपणा मोजणं, काच पुसणं, सगळं तीच करायची. हळद्या आणि पांढऱ्या पट्ट्यांची नारिंगी जोडी, एवढाच संसार. तीन आठवड्यांपूर्वी दुकानातल्या एका मरगळलेल्या निळ्या माशाची तिला दया आली. घरी आणून तिनं तो थेट टाकीत सोडला. आठ दिवसांत तो गेला.

"त्या निळ्याबरोबर आलंय हे," तो म्हणाला. "चपटे जंत आहेत. पारदर्शक असतात, अंगावर असले तरी दिसत नाहीत. डोळ्यालाही चिकटतात."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"शंका आली होती. नवा मासा आधी वेगळा ठेवायला हवा होता."

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं गालावरचा फेस पुसला. "तूच म्हणाली होतीस ना, उंबऱ्याबाहेर."

"अहो, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते! इतक्या वर्षांत माझं एक धड ऐकलं नाहीत, आणि नेमकं हेच ऐकायचं होतं?" बोलता बोलता तिनं डोळे पुसले.

तो सरळ उभा राहिला. मग म्हणाला, "बादली काढ."

त्यानं कामावर फोन करून रजा टाकली. कालपासून साठवलेलं पिण्याचं पाणी बादलीत ओतलं, टाकीतल्या पाण्याइतकं कोमट केलं, चिमूटभर खायचा सोडा घातला, पुन्हा तापमान बघितलं.

"स्वतःच्या आंघोळीला कधी एवढं बघितलं नाहीत," ती नाक ओढत म्हणाली.

"खाऱ्या पाण्यातल्या जंताला गोडं पाणी सोसत नाही. फुगतो आणि गळून पडतो. मासा पाच मिनिटं तग धरतो."

"आणि नाही धरला तर?"

"मी आहे ना बघायला."

हळद्या बादलीत गेला, एकदा उसळला आणि तळाशी आडवा पडला.

"काढा त्याला! मरतोय तो!"

"कल्ले हलतायत. ते बघ. मी सांगेपर्यंत नाही."

तिनं त्याचं मनगट असं आवळलं की घड्याळ रुतलं. दोन मिनिटं झाली. मग पिवळ्या अंगावरून पांढरे ठिपके सुटू लागले. तिळाएवढे, एकामागून एक, पार तळ भरेपर्यंत. डोळ्यावरूनही दोन सुटले.

"एवढे?" ती पुटपुटली. "एवढे अंगावर घेऊन फिरत होता बिचारा?"

पाच मिनिटं होताच त्यानं हळद्याला ओंजळीत उचललं आणि न्हाणीघरातल्या टबात, जंताचं औषध घातलेल्या खाऱ्या पाण्यात सोडलं. मग नारिंगी जोडी. तिच्यातला धाकटा मात्र टबाच्या तळाशी गेला तो उठलाच नाही.

बराच वेळ ती त्या मेलेल्या माशाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मला बघायचाय."

"काय?"

"ज्यानं ह्याला नेलं तो. दाखवा मला."

बादलीतले चार ठिपके बाटलीत घेऊन दोघं निघाले. एकतीस वर्षांत प्रयोगशाळेचा उंबरा ती पहिल्यांदा ओलांडत होती. ड्यूटीवरच्या मुलीनं उठून तिला स्टूल दिलं. त्यानं काचपट्टी लावली.

"काही दिसत नाही. नुसत्या माझ्याच पापण्या."

"जरा मागे हो. दोन्ही डोळे उघडे ठेव."

मग तिला ते दिसलं. काचेसारखं एक पान, मागच्या टोकाला गोल चकती आणि तिच्यात बारीक आकडे. बाजूला एक तिकोनी दाणा.

"ह्याला दोरा कसला?"

"अंडं आहे ते. त्या दोऱ्यानं अडकून राहतं. म्हणून टाकी महिनाभर मोकळी ठेवायची. पिल्लं निघतील, मासा शोधतील, नाही सापडला की संपतील."

"किती नाजूक आहे हो," ती म्हणाली. "आणि तुम्ही रोज हे बघत होतात. एकट्यानं."

"काकू," ती मुलगी म्हणाली, "सरांना पहिल्या नजरेत दिसतं ते आम्हाला दहादा बघूनही दिसत नाही."

"असेल बाई. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

त्यानं उगाच दुसरी काचपट्टी पुसायला घेतली.

आठवड्यानं औषधाचा दुसरा डोस झाला. निरोप समारंभाहून तो आला, तर बायको टबाशीच बसली होती. कडक इस्त्रीच्या शर्टातच तोही शेजारी टेकला. हळद्यानं शेवाळाचा एक तुकडा ओढला, दोघांनी एकदमच श्वास सोडला.

महिन्यानं दोन्ही मासे टाकीत परतले. उरलेला नारिंगी मासा कोपऱ्यात एकटाच तरंगत राहिला. हळद्याची कांती परत आली, डाव्या डोळ्याची नजर आली नाही. डावीकडे वळला की तो मोठ्या दगडावर जाऊन आपटे. एकदा, दोनदा.

तिसऱ्यांदा आपटल्यावर तिनं बाही वर केली.

"तू राहू दे. जड आहे तो."

"मग तुम्ही पलीकडून धरा."

कोपरापर्यंत हात पाण्यात घालून दोघांनी दगड वीतभर सरकवला. तळाचा गाळ उठला. तो खाली बसेपर्यंत कुणीच हात बाहेर काढला नाही. मग हळद्या आला, क्षणभर थबकला आणि त्यांच्या हातांच्या मधून पलीकडे गेला.