मादाम ओडेटचा नवरा

नखले अबी-राद ही आमच्या देशातली सर्वांत लाडकी बाई होती. एकोणीस वर्षं दर शुक्रवारी तो टीव्हीवर मादाम ओडेट व्हायचा. भरगच्च छाती, केशरी केस आणि शेजारणींची कुलंगडी बाहेर काढणारी जीभ. प्रत्यक्षात अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, टकला गृहस्थ. तरी बाजारात बायका त्याला थांबवून सुनांच्या तक्रारी सांगायच्या. मी त्या कार्यक्रमाची लेखिका. बैरूतच्या सिन एल-फील भागात आमचा स्टुडिओ.

त्या मंगळवारी सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमात नखलेला कुणीतरी विचारलं, "उस्ताद, हल्लीची पोरं म्हणतात, बाई कोण नि पुरुष कोण हे ज्याचं त्यानं ठरवावं. तुमचं मत?"

नखलेला मत विचारायचं नसतं. "कामासाठी झगा घातला तर ती कला," तो म्हणाला, "घरी घातला तर तो आजार. मी सहा वाजता ब्रा काढतो आणि माणसांत येतो."

सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. आयुष्यभर विनोद लिहिल्यानं वाक्य चपखल बसलं की मला आधी हसू येतं, अक्कल नंतर.

हसली नसणार ती जुमाना. अकरा वर्षं तीच नखलेला ओडेट बनवत होती. केस, रंग, छातीचं भरताड, सगळं. तिच्या जन्माच्या वेळी मुलगा झाला म्हणून घरच्यांनी सगळ्या गल्लीला मिठाई वाटली होती. बाविसाव्या वर्षी ती झहले गावाहून बैरूतला आली आणि जुमाना झाली. स्टुडिओत हे सगळ्यांना ठाऊक होतं, नखलेलाही. फक्त कुणी बोलत नसे.

गुरुवारी चित्रीकरण होतं. जुमाना वेळेवर आली, केशरी टोप खुर्चीवर ठेवला आणि कॉफी घेऊन बसली.

"चल गं, बाहेर लोक बसलेत," नखले म्हणाला.

"तुमचं तुम्ही करा उस्ताद. मला आजार आहे. उगाच तुम्हाला लागायचा."

नखलेनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी एकदम छताकडे पाहिलं.

मग त्यानं स्वतःच तयारी केली. ब्राचा हूक लागेना म्हणून त्यानं तिथे सेफ्टी पिन खुपसली. लिपस्टिक दातांना लागली. रंगमंचावर गेला तर छातीची उजवी बाजू सरकत सरकत काखेत जाऊन बसली. पुढच्या रांगेत बत्रूनहून आलेल्या बायका होत्या. पहिल्या विनोदाला त्या हसल्या नाहीत, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याच्या वेळी त्यांतली एक मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, ओडेटला बरं नाहीये का?"

दिग्दर्शकानं मध्यंतर जाहीर केलं. नखले घामाघूम होऊन आत आला.

"मी तुला नव्हतं म्हटलं ते," तो म्हणाला.

"मग कुणाला म्हटलंत? माझ्यासारखं दुसरं कोण आहे तुमच्या ओळखीत?"

नखले धपकन खुर्चीत बसला. "लोक हसायला लागले ना, की मला पुढचं काही दिसत नाही बघ. बोल, काय करू? माफी मागू?"

"माफी नको. मला तुमचा नवरा करा."

ओडेटचा नवरा म्हणजे आमची जुनी गंमत. एकोणीस वर्षं तो बिचारा संडासातच होता. आतून नुसता पाणी सोडल्याचा आवाज यायचा.

दिग्दर्शक घाबरला. "पण तुला पुरुषाचं काम जमेल का?"

"बावीस वर्षं केलंय," जुमाना म्हणाली. "रोज. आणि एकालाही शंका आली नाही."

मी तिथेच पाठकोऱ्या कागदावर चार ओळी खरडल्या. तिनं आधी नखलेची छाती जागेवर आणली, मग स्वतःला मिशी चिकटवली, विजार पोटावर ओढली आणि संडासाचं दार उघडून बाहेर आली.

माझ्या चार ओळींतली एकही तिनं म्हटली नाही. पाय फाकवून बसली, गाडीच्या किल्लीनं कान कोरला, ज्यावर बसली होती तोच रिमोट घरभर शोधला, आणि ओडेटच्या दहा मिनिटांच्या बडबडीला "हं" एवढंच म्हणाली. प्रत्येक "हं" वेगळा. बत्रूनच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. "हा माझाच मेला घरचा!" एक किंचाळली. नखले एकोणीस वर्षांत पहिल्यांदा भूमिकेत असताना फिसकन हसला आणि तोंड पदराआड लपवावं तसं हातातल्या पंख्याआड लपवलं.

शुक्रवारी ते प्रसारित झालं आणि देशभर मतांचा पूर आला. कुटुंबसंस्कृती वाचवणाऱ्या एका समितीचं पत्र आलं. बायकी विनोदांच्या गर्दीत अखेर टीव्हीवर एक खरा, घरंदाज पुरुष दिसला म्हणून त्यांनी आमचं अभिनंदन केलं होतं. जुमानानं ते पत्र आरशाला चिकटवलं. बैरूतच्या हमरा भागातल्या कॅफेतली काही पोरं मात्र तिच्यावरच चिडली. स्वतःचं खरं रूप सोडून मिशी का लावली म्हणे.

"कारण मला नखलेला घाबरवायचं होतं," ती म्हणाली. "आणि मिशी मला शोभते. दहा मिनिटं."

पुढच्या मंगळवारी नखले आपणहून त्या गप्पांच्या कार्यक्रमात गेला. "मला या विषयातलं सगळं कळतं असं नाही," तो म्हणाला, "पण मी बोललो तो गाढवपणा होता. जुमाना आजारी नाही. आजारी मी होतो, तिच्याशिवाय." यावर कुणी हसलं नाही. तो अवघडून पाणी प्यायला.

वाहिनीनं जुमानाला दर आठवड्याला नवरा व्हायला सांगितलं. महिन्यातून एकदा, असं ती म्हणाली, आणि शेवटच्या नामावलीत पूर्ण नाव हवं. दोन्ही मिळालं.

नाव झळकल्यावर तीन दिवसांनी दुपारी मेकअपच्या खोलीत तिचा फोन वाजला. नंबर पाहून तिनं ब्रश खाली ठेवला. नऊ वर्षांत बापाचा पहिला फोन.

"तो मिशीवाला," बाप म्हणाला, "शर्ट पुढूनच खोचतो. मी मागूनही खोचतो."

"बरं बाबा. पुढच्या वेळी तसं करते."

बाप खोकला. मग 'कसा आहेस' नाही, 'कशी आहेस' नाही, दोन्ही चुकवून त्यानं विचारलं, "जेवण झालं का?"

"झालं."

मागून आई ओरडली, "अहो, विचारा तिला, काय जेवलीस?"

जुमानाच्या पोटात सकाळपासून कॉफीखेरीज काही नव्हतं. तिनं भरल्या द्राक्षपानांपासून सुरुवात केली आणि एकेक पदार्थ सांगत गेली, सावकाश, चवीनं.