चिंचेच्या पानांचा काठ

तांडापेठेतल्या धकात्यांचा जागेश्वर चित्रकला महाविद्यालयात जातो हे कळल्यावर निम्म्या गल्लीला वाटलं, पोरगा दुकानाच्या पाट्या रंगवायला शिकतोय. उरलेल्यांना काहीच वाटलं नाही. खुद्द जागेश्वरला विचारलं असतं तर त्यालाही नीट सांगता आलं नसतं. तो मॅट्रिक झाला, हात चांगला होता, शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी अर्ज भरून दिला आणि एकोणीसशे पंचावन्नच्या जूनपासून तो रोज सायकल मारत सदरला कॉलेजात जाऊ लागला.

पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं होतं. मडकी काढा, प्लास्टरचे हातपाय काढा, अक्षरं काढा, नक्षी काढा. वर्षाअखेरी मात्र तीन वाटा फुटायच्या: चित्रकला, जाहिरातकला आणि वस्त्रनक्षी. जागेश्वर विणकराच्या घरचा, तेव्हा तो वस्त्रनक्षीच घेणार असं सगळे धरून चालले होते. फेब्रुवारीपर्यंत तोही धरून चालला होता.

फेब्रुवारीत नक्षीच्या विश्वनाथ सरांनी काम दिलं, साडीचा काठ काढायचा. "पण स्वतःचा हं. पुस्तकातला नको, बाजारातला नको. ओरिजिनल."

जागेश्वरला मनातून हसूच आलं. एवढंच ना! सोळाव्या वर्षी त्यानं चौकडीच्या कागदावर एक काठ काढला होता, चिंचेच्या पानांची ओळ आणि मधे टिंबं. घरच्या मागावर तो दोन वर्षं विणला जात होता. त्यानं तोच नव्यानं, निगुतीनं काढला आणि भिंतीवर टाचला.

सर एकेक कागद बघत आले आणि त्याच्या कागदापाशी थांबले.

"धकाते, हा बाजारातला आहे."

"नाही सर, माझा आहे."

"मागे वळून पाहा."

मागे वर्गातली प्रमोदिनी उभी होती. धंतोलीची, सेक्रेटरिएटातल्या हेडक्लार्कची मुलगी. तिनं स्वतःच्या साडीकडे पाहिलं आणि ओशाळली. "मावशीनं इतवारीच्या बाजारातून आणली," ती म्हणाली. तिच्या साडीच्या काठावर चिंचेची पानं होती, मधे टिंबं होती. वर्ग हसला.

जागेश्वर वाकून बघू लागला. दर तिसरं पान एका धाग्यानं तोकडं होतं. ती चूक तो हजार साड्यांत ओळखू शकला असता.

"सर, हे तिसरं पान बघा. ही माझीच चूक आहे!"

"म्हणजे तुम्ही चुकीसकट नक्कल केलीत?"

आता वर्ग जोरात हसला. सरांनी वहीत शून्य मांडलं, पण ते वाईट नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "मी रागावत नाही. पण स्वतःचं म्हणजे स्वतःचं. सोमवारी दुसरं आणा."

घरी बाप शालिकराम मागावर होता आणि आई जनाबाई दाराशी सूत गुंडाळत होती. जागेश्वरनं सायकल भिंतीला टेकवली आणि उभ्याउभ्याच विचारलं, "बा, चिंचेच्या पानाचा काठ कोणं काढला होता?"

"तूनं काढला. अजून कोणं?"

"मंग तिसरं पान माह्याकडून तोकडं झालं होतं ना?"

"तुह्याकडून कायले?" शालिकरामनं मागावरच्या, नक्षीचे धागे उचलणाऱ्या पट्टीकडे बोट केलं. "डॉबीच्या पट्टीत खुंटी मीनं ठोकली. एक चुकली."

"चुकली नाही काही," जनाबाई मधेच बोलली. "चुकलीच असन, पण मीनंच म्हटलं राहू द्या. सारी पानं सारखी असली तं डोयाले कंटाळा येते. अन् पानं तरी तुही कुठची रे? उमरेडच्या तुह्या आजीच्या लुगड्याले चिंच होती. त्याच लुगड्यावर झोपत होता तू."

जागेश्वर खाली बसला. "मंग माह्यं काय होतं त्याच्यात?"

शालिकरामनं हातातला धोटा थांबवला. प्रश्न साधा होता आणि पोरगं खरंच विचारत होतं, म्हणून त्यानंही खरंच आठवून पाहिलं.

"टिंबं," तो म्हणाला. "मधातली टिंबं तुही होती." मग धोटा पुन्हा चालवत म्हणाला, "असतीन."

"अन् इतवारीत कसा गेला?"

"चालला म्हणून गेला. जो काठ चालते तो सारी गल्ली इणते. आपणबी दुसऱ्याचे इणतोच ना गा? तोंड काहून पाडून राहिला?"

रविवारी जागेश्वर कागद घेऊन बसला. कोयरी काढली तर ती मामाच्या मागावरची. रुईचं फूल काढलं तर ते समोरच्या बाबनरावांचं. जी रेघ ओढावी तिच्यामागे कोणीतरी उभं. शेवटी त्यानं काहीच न आठवता हात चालू दिला. नारिंगी लोळ, त्यात निळे वेढे, वेढ्यांतून निसटलेल्या लांबलचक शेपट्या.

सोमवारी सरांनी वीसपैकी अठरा गुण दिले. "हे तुमचं, धकाते! शंभर टक्के तुमचं!"

"छान आहे," प्रमोदिनी म्हणाली. "पण कशाचं आहे?"

"मलाही नाही माहीत," जागेश्वर म्हणाला.

घरी शालिकरामनं तो कागद सरळ धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. मग त्या शेपट्यांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "हे इणता नाही येत बापू. इथं धागा चार बोटं मोकळा लोंबते. बाईच्या बांगडीत अडकन अन् पहिल्याच दिवशी उसवन."

दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. जागेश्वर सरांच्या खोलीत गेला. जुळवून आणलेलं बोलणं दारातच विसरला.

"सर, पहिला काठ विणता येतो, पण त्यातली टिंबं सोडली तर माझं काही नाही. टिंबांचंही पक्कं नाही. हा दुसरा माझा आहे, पण विणता येत नाही. मग वस्त्रनक्षीत शिकवतात काय?"

विश्वनाथ सरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "आपल्याकडे माग नाही," ते म्हणाले. "मी शिकलो तिथंही नव्हता. आम्ही कागदावरच काढायचो." मग त्यांनी अचानक विचारलं, "मला तुमच्या घरी येता येईल?"

शनिवारी दुपारी ते रिक्षानं तांडापेठेत आले. जनाबाईनं चहा दिला. सर खुर्चीवर न बसता, विणताना पाय सोडायला केलेल्या मागाच्या खड्ड्याच्या काठाशीच टेकले.

"हे पान कोणत्या धाग्यापासून सुरू होतं?"

"सुरू?" शालिकराम गोंधळला. "ते चालूच राहते जी."

सरांनी धागे मोजायला घेतले. एकवीसपर्यंत गेले, चुकले, पुन्हा पहिल्यापासून. "आणि नवा काठ निघाला की तो कोणी काढला याची नोंद, नाव वगैरे?"

"कायले?" शालिकरामनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

दोन तास सर बसले. निघताना जागेश्वर त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेला. रिक्षात चढताचढता ते म्हणाले, "मला वाटलं होतं, तुमच्या प्रश्नावर आज मला काहीतरी सांगता येईल."

"नाही आलं?"

"नाही. तुमच्या पहिल्या कागदाला शून्य दिलंय ते खोडतो. त्या जागी किती गुण लिहावेत, ते कळत नाही."

सोमवारी जागेश्वरनं फॉर्मवर वस्त्रनक्षी लिहिलं. खोडून चित्रकला लिहिलं. तेही खोडलं. ऑफिसातले गोपाळराव कावले. "अहो, एक काहीतरी ठेवा!"

"काय ठेवू?"

"ते मी सांगू?"

त्यानं वस्त्रनक्षी ठेवलं. का, असं प्रमोदिनीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "टिंबं तरी माझी आहेत का, ते बघायचंय." तिनं वडिलांच्या सांगण्यावरून जाहिरातकला घेतली होती.

जुलैत सरांनी वरपर्यंत भांडून कॉलेजच्या व्हरांड्यात एक जुना चौकटीचा माग आणवला. शालिकराम येऊन तो बसवून गेला. पहिल्याच दिवशी दहा मुलांनी मिळून धाग्यांचा असा गुंता केला की घंटा झाली, मुलं पांगली, तरी जागेश्वर मागापाशीच होता. शेजारी सर धोतर सावरून उकिडवे बसले होते.

"आता कोणता ओढू?" त्यांनी विचारलं.

"थांबा जी सर," जागेश्वर म्हणाला. "मलेच समजून नाही राहिलं. पाहू द्या."