दुपारपुरता कॉम्प्युटर

आमच्या घरात दुपारची जेवणं झाली की पुरुष मबरझमध्ये जाऊन बसतात. मबरझ म्हणजे बाहेरच्या दाराजवळची मोठी खोली. भिंतीला लागून गाद्या, लोड, मध्ये पाण्याच्या बाटल्या. माझा नवरा नशवान, धाकटा दीर मुनीफ आणि त्यांचे दोस्त तिथं दार लावून, गालात क़ातची हलक्या नशेची पानं भरून, पार सूर्यास्ताच्या, मगरिबच्या बांगेपर्यंत गप्पा हाणतात. त्या वेळात बाईमाणसानं आत जायचं नसतं. पाणी संपलं की आतून दार वाजतं, मी बाटल्या उंबऱ्याशी ठेवते आणि मागं फिरते.

नेमकी तीच वेळ उन्हाची. आमच्या अदन शहरात सरकारी वीज कधी येईल हे तिचं तिलाच ठाऊक, त्यामुळे आमचं घर गच्चीवरच्या सौर पत्र्यांवर चालतं. सकाळी बॅटरी रिकामी असते, रात्री ती पंख्यांना लागते. डेस्कटॉप कॉम्प्युटर चालेल एवढा जोर तिच्यात फक्त दुपारी येतो. आणि माझी तैफ, वर्षाची माझी चिमणी, तीही दुपारीच झोपते. ऊन, तैफ आणि क़ात या तिघांनी मिळून मला ही वेळ दिली होती. दुसऱ्या कुणी दिली नसती.

कॉम्प्युटर नशवानच्या बंद पडलेल्या हापिसातून घरी आलेला. निजायच्या खोलीत कोपऱ्यात पडून होता. मुनीफ त्याला आजोबा म्हणायचा. "वहिनी, आजोबा उठले का? की अजून दात शोधतायत?" असं येताजाता विचारायचा. मी हसायचे. आजोबा सुरू होईपर्यंत तैफची दुपटी घड्या करून व्हायची. पण त्याच्यावर कुणाचा डोळा नव्हता, हीच त्याची खरी किंमत. माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यासारखा तो माझा होता.

लग्नाआधी मी भाषांचं शिक्षण घेतलं होतं. अम्मानमधली एक संस्था बायकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती लिहून काढायला माणसं शोधत होती. घरबसल्या काम. आधी परीक्षा म्हणून एक मुलाखत ऐकून, लिहून गुरुवारपर्यंत पाठवायची. त्यांनी दिलेल्या प्रोग्रॅममध्ये एका बाजूला आवाज आणि एका बाजूला मजकूर उघडायचा. आमचे आजोबा आवाज उघडून गप्प बसायचे, मजकूर उघडला की आवाज गिळायचे. मी कॉम्प्युटरचं झाकण काढून पाहिलं. रॅमच्या दोन खोबण्या, त्यातल्या एकीत दोन जीबीची एकुलती पट्टी, दुसरी रिकामी. चार-चारच्या दोन पट्ट्या बसल्या असत्या तर काम झालं असतं.

मी नशवानला सांगितलं. तो म्हणाला, मुनीफ बाजारात जातोच आहे, तो आणेल. मुनीफनं आणली ती लॅपटॉपची पट्टी, खोबणीच्या निम्म्या लांबीची. मी दाखवलं तर म्हणाला, रॅम ती रॅम, जरा दाबून बसवा. मी तैफला कडेवर घेतलं, जुनी पट्टी काढून तिच्या स्वच्छ लंगोटात गुंडाळली आणि स्वतः दुकानात गेले.

दुकानदारानं आधी डेस्कटॉपची नवी पट्टी पुढं केली. मी तिच्यावर माझी जुनी ठेवली. लांबी तीच, पण खालची खाच सरकलेली. ही बसणार नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "बहिणी, हे मॉडेल आता कोण वापरतं?" मी वापरते, म्हटलं. मग त्यानं मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरांतून काढलेल्या पट्ट्यांचं खोकं ओतलं. त्यातून मी एकाच कंपनीच्या, एकाच वेगाच्या दोन निवडल्या. तैफ एकीला चावायला बघत होती.

दुसऱ्या दिवशी मबरझचं दार लागलं आणि तैफचा श्वास संथ झाला तशी मी बसले. वायर काढली. सुरू करायचं बटण दाबून आतली उरलीसुरली वीज घालवली. पायाखालचा गालिचा गुंडाळून बाजूला केला, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावून घेतला. क्लिपा बाहेर दाबल्या, खाच जुळवली आणि पट्ट्यांच्या दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून जोर दिला. दोन्ही क्लिपा आपणहून मिटल्या. वायर लावून बटण दाबलं.

पडदा काळा. आतून नुसती पीं, पीं.

मी घाबरून तैफकडे पाहिलं. तिनं कूस बदलली. मी बंद केलं. मग एकेक पट्टी जुन्या खोबणीत लावून पाहिली. दोन्हींवर कॉम्प्युटर सुरू झाला. म्हणजे पट्ट्या चांगल्या होत्या. रिकाम्या असलेल्या खोबणीत काहीतरी होतं. मी आत बोट फिरवलं, तर बोटाला तपकिरी चिकट काहीतरी आलं. हुंगलं आणि मला सासूबाई आठवल्या.

सासूबाई दर गुरुवारी संध्याकाळी घरभर बखूर फिरवतात. ऊद, साखर, अत्तर कालवून स्वतः शिजवलेला बखूर. कपाटं, पडदे, तैफचा पाळणा आणि शेवटी कॉम्प्युटर. दृष्ट लागू नये म्हणून. सरकारी वीज आलेली असली तर मुद्दाम कॉम्प्युटर चालू करायला लावून त्या धुपाटणं त्याच्या पंख्याच्या जाळीशी धरायच्या. धूर आत ओढला गेला की म्हणायच्या, बघ, त्यालाही आवडतो. इतक्या वर्षांची ती माया रिकाम्या खोबणीत साचून राळ झाली होती.

तैफच्या नाळेला लावायचं स्पिरिट अजून शिल्लक होतं. तिचा मऊ केसांचा ब्रश घेतला, स्पिरिटात बुडवून खोबणी आतून घासली, पुन्हा घासली. पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले. वाळू दिलं. पुन्हा खाच, पुन्हा अंगठे.

पडदा उजळला. कोपऱ्यात आकडा आला, आठ जीबी. मी मुलाखत उघडली, मजकूर उघडला. कुठल्याशा गावची एक म्हातारी अजिबात न अडखळता बोलत होती आणि तिचे शब्द माझ्या बोटांखाली उमटत होते.

आणि माझ्या तोंडून ललकारी निघाली. लग्नात, मूल झाल्यावर, निकाल लागल्यावर आम्ही बायका जीभ नाचवून देतो ती. ठरवून दिली नाही. तैफच्या जन्मानंतर मला द्यायला कारणच मिळालं नव्हतं, ती बिचारी आत साठून राहिली असेल. ललकारी ऐकली की कारण विचारायच्या आधी दुसरीनं साथ द्यायची, ही आमच्याकडची रीत. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी दिली. जिन्यापलीकडून बिल्कीस शेजारणीनं दिली. तैफ दचकून रडायला लागली. आणि मबरझचं दार उघडलं.

सगळे आमच्या उंबऱ्यापाशी. दोस्त मंडळी मागं, नजर खाली घालून. नशवानच्या गालात क़ातचा गोळा तसाच. कुणाचं लग्न ठरलं, त्यानं विचारलं.

मी पडद्याकडे बोट दाखवलं. मुनीफनं खुर्ची ओढली, एक फुटबॉलचा सामना लावला. चित्र एकदाही थांबलं नाही.

"आजोबांना नवरदेव केलंत की हो, वहिनी."

"माझ्या बायकोनं केलं," नशवान मागं वळून दोस्तांना म्हणाला. "तैफच्या आईनं. एकटीनं." त्याचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, आता तो काहीही देईल.

त्यानं खरंच दिलं. माझा कॉम्प्युटर, दोस्तांना. दुसऱ्या दिवशी तैफला न्हाऊ घालून आले तर कोपरा रिकामा. टेबलाच्या पायांचे चार ठसे तेवढे. इतकी चांगली वस्तू बायकांच्या खोलीत कशाला लपवायची, असं मुनीफ म्हणाला होता म्हणे. मबरझमध्ये ठेवली तर चारचौघं बघतील, घराची शोभा.

मी नशवानला म्हटलं, माझी परीक्षा आहे, गुरुवारपर्यंत. तो म्हणाला, मग कर ना, तुला कोण नाही म्हणतंय. सकाळी कर.

"सकाळी बॅटरी नसते."

"मग रात्री."

"रात्री पंखे बंद करायचे? तैफला घामोळं आलंय."

"दोस्तांसमोर एवढं कौतुक केलं तुझं. आता परत आत नेऊ? ते काय म्हणतील?"

सासूबाईंकडे गेले. त्या पीठ मळत होत्या. "पोरी, बाप्ये घरात बसतायत, बाहेर नाही गेले, हे बघ," म्हणाल्या. त्या दुपारी दार वाजलं तेव्हा मी बाटल्या ठेवायला गेले. आतून गोल झाल्याचा कल्ला. फटीतून माझा कॉम्प्युटर दिसला. त्याच्यावर सासूबाईंनी विणलेला रुमालही टाकलेला होता.

पुढच्या सकाळी मबरझ झाडायला माझाच हात. गाद्यांवरून क़ातचे देठ गोळा केले, मग कॉम्प्युटरचं झाकण काढलं. क्लिपा दाबल्या, दोन्ही पट्ट्या काढल्या, जुनी दोन जीबीची बसवली. पट्ट्या लंगोटात गुंडाळून तैफच्या कपड्यांच्या तळाशी ठेवल्या.

दुपारी आतून आधी हसू आलं, मग शिव्या. मग मुनीफ बाहेर आला.

"आजोबा गेले परत. मी म्हटलंच होतं, बायकी काम, दोन दिवसांचं."

मी तैफच्या तोंडात पेजेचा घास घालत राहिले. ज्या हातांनी ते यंत्र उभं केलं तेच हात आता घरभर बदनाम होते आणि मला मान खाली घालून ते कबूल करायचं होतं. मी केलं. म्हटलं, असेल भावोजी, मला कुठं एवढं कळतं. नशवान दोस्तांदेखत सांगून बसला होता, तैफच्या आईनं केलं म्हणून. तो पुढं किती तरी दिवस माझ्याशी हापिसातल्या माणसाशी बोलावं तसं बोलायचा.

पण कॉम्प्युटर परत आला. मुनीफनं पायानं ढकलतच आणला. पायांच्या चार ठशांवर मी टेबल नीट बसवलं.

परीक्षा गुरुवारी गेली. काम मिळालं. निरोप वाचला तेव्हा ललकारीसाठी जीभ टाळ्याला लागली होती, मी ओठ मिटून घेतले. घरात सांगितलं की जुनं हळू यंत्र आहे, थोडंफार टाइप करते, वेळ जातो. मुनीफ म्हणाला, आजोबांना सोबत झाली.

आता रोज दुपारी दार लागलं की मी झाकण काढते, पट्ट्या बसवते. क्लिपांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांच्यावर पदर दाबून धरते. मगरिबच्या आधी पट्ट्या काढून लंगोटात. गुरुवारी धुपाटणं येतं तेव्हा मी सासूबाईंना म्हणते, आत्याबाई, द्या इकडे, मी ओवाळते, आणि जाळीपुढं आडवी उभी राहते.

तैफ हल्ली कधीकधी लवकर जागी होते. पडून बघत राहते मला. परवा मी झाकणाला हात घातला, तर तिनं इवलंसं बोट आपल्या ओठांवर ठेवलं. अजून तिला 'आई' नीट म्हणता येत नाही.