पानाची सावली

फोटो आला तेव्हा करिश्माच्या हातात लॅक्टोमीटर होतं आणि समोर उत्तरेश्वरचा कॅन. नळदुर्गच्या दूध संकलन केंद्रावर सकाळची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. टेबलावरचा फोन थरथरला, तिनं वाकून बघितलं आणि दुधात सोडलेल्या लॅक्टोमीटरची डिग्री वाचायचीच राहिली.

निळ्या मखमलीवर एक चांदीचा रुपया. मध्ये चारमिनार, भोवती उर्दू अक्षरं. आणि डाव्या मिनाराच्या वर, अगदी काठाला, ज्वारीच्या दाण्याएवढा टवका.

"करिश्माबाई, दूध हिकडं हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "का मोबाइलमधी बी डिग्री बघायलाव?"

रांगेतले हसले. करिश्मानं कसाबसा आकडा घेतला, पुढचा कॅन ओढला आणि एका हातानं तो फोटो वडिलांना पाठवून दिला.

ही चूक तिला नंतर दिवसभर टोचत राहिली. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली ती. दुधाच्या प्रत्येक कॅनकडं संशयानं बघायची सवय लागलेली. पण फोटो तपासायच्या आधी तो आण्णांना पाठवायला तिचा अंगठा थांबला नव्हता.

रुपया त्यांच्या घरचा होता. निजामाच्या राज्यात चालायचा तो हाली रुपया. राज्य गेलं, नाणं बंद झालं, तरी अणदूरच्या त्यांच्या देवघरात खंडोबाच्या टाकांशेजारी तो राहिला. तळी भरायची वेळ आली की ताटात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा आणि मधोमध हा रुपया. मग पाच जणांनी ताट उचलायचं आणि येळकोट करायचा. काठावरचा टवका खुद्द आण्णांनी पाडलेला. लहानपणी, चांदी दगडानं फुटते का ते बघायला. त्याबद्दल खाल्लेला मार ते अजून कौतुकानं सांगायचे.

गेल्या पौषात नळदुर्गच्या यात्रेत त्यांनी तो रुपया सोबत नेला. गर्दीत तळी उचलली, भंडारा उधळला, आणि ताट खाली टेकवलं तेव्हा खोबरं होतं, सुपारी होती, रुपया नव्हता. यात्रा पांगली, पाळणे उतरले, तरी आण्णा मैदानातली माती उकरत होते. तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मेंढरांमागं चालतानाही नजर जमिनीवर. जेवताना मध्येच उठायचे, दारापर्यंत जाऊन परत यायचे. आता चंपाषष्ठी तोंडावर आली, तर घरात जाहीर करून मोकळे झाले, "औंदा तळी दुसऱ्या कुणी बी उचला. माझा हात लागायचा न्हाय."

म्हणून करिश्मानं जुन्या नाण्यांच्या एका ग्रुपवर सगळी हकिकत लिहिली होती. सोबत घरात असलेला रुपयाचा एकमेव फोटो टाकला होता. भावानं, प्रेमनं, कधीतरी स्टेटसला ठेवण्यासाठी काढलेला, भरलेल्या तळीचा.

आणि आज हे उत्तर. पाठवणाऱ्यानं नाव लावलं नव्हतं, फक्त 'जुना खजिना'. 'ताई, तुमचा रुपया आहे का बघा. यात्रेतल्या एका भंगारवाल्याकडून घेतलेला.'

रांग संपायच्या आत आण्णा मोटारसायकलवरून हजर. चपलेला शेण, डोक्याला पटका अर्धवट गुंडाळलेला.

"ह्योच हाय," ते गाडी स्टँडला लावायच्या आधीच ओरडले. "म्या पाडल्याला टवका म्या वळखणार न्हाय व्हय?"

"आण्णा, जरा दमानं. त्याला वजन विचारलंय."

"वजन कशाला? त्यो का मेंढा हाय?"

फोन पुन्हा थरथरला. 'वजन ११.६६ ग्रॅम. एकदम शुद्ध चांदी.'

करिश्मानं कपाळाला आठ्या घातल्या. ग्रुपवर लिहिण्याआधी तिनं जे सापडेल ते वाचून काढलं होतं. हाली रुपया याहून थोडा हलका. त्यात तांब्याची भेसळही जास्त. हे वजन इंग्रजांच्या रुपयाचं होतं. आणि चांदी शुद्ध असायचा प्रश्नच नव्हता. झिजलेलं नाणं कमी भरलं असतं, जास्त कसं भरेल?

तिनं ते आण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोनच्या काचेवर बोट ठेवलं. "आन् ह्यो टवका? ह्यो बी वजनानं पडला का?"

वजन म्हणत होतं, हा तो नव्हे. टवका म्हणत होता, हाच. दोन्ही एकदम खरं असू शकत नव्हतं, आणि कुठलं खोटं ते कळत नव्हतं. तराजू बिघडलेला असेल. विकणारा अडाणी असेल, वजन कुठून तरी उतरवून घेतलं असेल. स्वतःलाही हा रुपया सापडायला हवा आहे, हे तिच्या लक्षात आलं आणि ती जास्तच अस्वस्थ झाली.

तिनं लिहिलं, 'आजचा फोटो पाठवा. नाण्याशेजारी हरभऱ्याचे दाणे ठेवून.'

उत्तर आलं नाही. वर 'ऑनलाइन' दिसायचं, विझायचं, पुन्हा दिसायचं. आण्णा केंद्राच्या पायऱ्या चढत-उतरत होते. हायवेवरून ट्रक धडधडत गेला की थांबायचे, तो गेला की पुन्हा सुरू.

"आला का?"

"न्हाय, आण्णा."

"आता?"

"आण्णा, आल्यावर सांगते ना!"

शेवटी आलं ते असं. 'ताई, हरभरे-बिरभरे ठेवायला मी किराणा दुकान चालवत नाही. विश्वास नसेल तर राहू द्या. हैदराबादची पार्टी उभी आहे. पाच हजार पडतील. निम्मे आत्ता टाका, नाहीतर दुपारी नाणं गेलं समजा.' सोबत दुसरा फोटो होता, आता लाल कापडावर. नाणं किंचित तिरकं ठेवलेलं. हरभरे नव्हतेच.

आण्णांनी तिच्या खांद्यावरून वाचलं. "दुपारी गेलं म्हंतोय."

"म्हणू द्या. घाई करतोय म्हणजेच—"

"तू दुधातलं पाणी बघ," आण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "ह्यातलं तुला कळायचं न्हाय. ताटातनं माझ्या हातनं गेलाय त्यो." त्यांनी टेबलावरच्या कागदाच्या कोपऱ्यावर तिच्या फोनमधला नंबर उतरवला, कोपरा फाडून खिशात घातला आणि गाडीला किक मारली.

थोड्या वेळानं प्रेमचा मेसेज. तो दुधाचा टेम्पो घेऊन उमरग्याकडं गेला होता. 'आण्णा म्हणतायत ह्या नंबरवर पैसे टाक. टाकू का?'

'अजिबात नको. थांब.'

'लई ओरडायलेत. रेंज न्हाय म्हणून सांगितलंय. पण कितीदा सांगू?'

करिश्मानं आण्णांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. तिनं केंद्राचं शटर ओढलं, बाहेरच्या उन्हात पायरीवर बसली आणि लाल कापडावरचा फोटो बोटांनी मोठा केला. चारमिनारच्या मधल्या कमानीतल्या अक्षरात भंडाऱ्याचे पिवळे कण अडकले होते. चांगली खूण. पण तिथंच तिला खटकलं. जवळजवळ वर्षभर मातीत, मग भंगारवाल्याच्या पोत्यात राहिलेल्या नाण्यावर भंडारा एवढा ताजा कसा?

मग तिला खालच्या कडेचा काळपट पट्टा दिसला. सकाळी तिनं तो चांदीवरचा डाग धरला होता. चांदी काळी पडते ती खोलगट जागी. उठावाची अक्षरं घासून उजळ राहतात. हा पट्टा अक्षरावरून आणि खोलगट भागावरून सारखाच गेला होता. त्याची कड रेखीव होती, गोलाकार उतरत एका टोकाला निमुळती झालेली. डाग असा नसतो. अशी सावली असते.

पण कशाची? लाल कापडावर काहीच नव्हतं. निळ्या मखमलीवरही नव्हतं, आणि पट्टा मात्र तिथंही होता, नाण्याबरोबर फिरलेला.

तिनं प्रेमनं काढलेला जुना फोटो उघडला. ताट, भंडारा, रुपया. रुपयाच्या खालच्या कडेवर झुकलेलं विड्याचं पान, आणि त्याच्या टोकाची सावली नाण्यावर.

ती उठून उभी राहिली. कोडं सुटलं होतं, पण आनंद नव्हता. स्कूटी सुरू करताना तिनं प्रेमला एवढंच लिहिलं, 'फोन बंद करून टाक.'

अणदूरला अंगणात आत्या, गजराबाई, चिंचेनं टाक घासत बसल्या होत्या. आण्णा फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते.

"प्रेम्याचा फोन बी बंद लागायलाय," करिश्माला बघताच ते म्हणाले. "तूच सांगितलं आसशील."

"व्हय, मीच. आता तुमी जरा हितं बसा."

"बसायला येळ हाय का मला? दुपार झाली!"

"येंकट, बस की रं," गजराबाई म्हणाल्या. "सकाळधरनं तुझ्या फेऱ्या बघून माझी मान दुखायली."

करिश्मानं आतून पितळेचं ताट आणलं, उन्हात ठेवलं. पर्समधलं दहाचं नाणं त्यात टाकलं, पूजेसाठी आणून ठेवलेल्या पानांतलं एक उचलून त्याच्यावर झुकतं धरलं. नाण्याच्या कडेवर गोलसर, टोकदार सावली पडली. तिनं जुना फोटो आण्णांसमोर धरला. मग त्या माणसाचा.

आण्णांनी दोन्ही फोटो आळीपाळीनं बघितले. मग तिच्या हातातलं पान त्यांनी घेतलं आणि बाजूला केलं. सावली गेली. पुन्हा आणलं. आली. पुन्हा बाजूला केलं. मेंढरांमागं आयुष्य गेलेल्या माणसाला उन्हातलं हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

"ह्याच्यात सावली हाय," ते फोनकडं बघत म्हणाले. "मग पान कुठं हाय?"

गजराबाईंचा हात टाकावरच थांबला.

"आपल्या ताटात," करिश्मा म्हणाली. "त्यानं आपल्या फोटोतला रुपया कापून कापडावर चिकटवलाय. दोन्ही बारीला तोच. त्याच्याकडं काहीच नाही, आण्णा. वजन त्यानं कुठल्या तरी दुसऱ्याच नाण्याचं सांगितलं."

"आन् टवका?"

"तुमीच पाडलेला. आपणच त्याला दाखवलेला."

आण्णा खाली बसले. पान त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी नीट घडी घालून ताटात ठेवलं.

"सकाळधरनं सापडला हुता की गं," ते म्हणाले.

करिश्माला वाटलं, त्यांनी ओरडावं. ते ओरडले नाहीत. तिनं सकाळी फोटो पाठवला नसता तर तो दुसऱ्यांदा हरवलाच नसता. ती ताटातल्या नाण्याकडं बघत राहिली.

"सापडतंय न्हाय तर न्हाय," गजराबाई म्हणाल्या. "माझ्या गळ्यात यायचा रुपया त्यो. माझ्या लग्नात सोनारानं भोक पाडाय घेतलं हुतं, पेंडल कराय. बापानं ऐन येळंला हात धरला, देवाचा रुपया म्हणून. अजून खड्डा हाय त्याच्या पाठीला. तरी म्या कधी रडले का? आन् ह्यो बघा बाप्या माणूस."

करिश्मानं मान वर केली. "पाठीला खड्डा? कुठल्या बाजूला, आत्या?"

"मागं. वरच्या अंगाला. मसूर बसंल एवढा."

"फोटोत मागची बाजू आलीच न्हाय," करिश्मा स्वतःशीच पुटपुटली. "म्हणजे हे आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक न्हाय."

तिनं तिथंच बसून 'जुना खजिना'ची तक्रार ग्रुप चालवणाऱ्यांकडं केली आणि तो नंबर ब्लॉक करून टाकला. जुनी पोस्ट फोटोसकट काढून घेतली आणि नवी लिहिली. आता फोटो नाही, टवका नाही, खड्डा तर नाहीच. फक्त हरवलेला हाली रुपया आणि यात्रेचं ठिकाण. ज्याच्याकडं खरंच असेल त्यानं खूण सांगावी. आपण एक अक्षर सांगायचं नाही.

"म्हंजी त्याच्याकडं न्हाय," आण्णा एकदम म्हणाले.

"न्हाय."

"मग कुठंतरी हायच की त्यो."

ते उठले, पटका झटकला आणि दाराकडं निघाले.

"कुठं चाललास?" गजराबाईंनी विचारलं.

"मैदानाकडं जाऊन येतो."

"आन् तळी?"

आण्णा उंबऱ्यात थांबले. परत आले, ताटातलं दहाचं नाणं उचललं, अंगरख्याला पुसलं आणि देवघरात टाकांशेजारी नेऊन ठेवलं. "उचलतो," ते म्हणाले. "त्यो गावंस्तवर ह्यो."

चंपाषष्ठीच्या सकाळी तळी भरली. आण्णांच्या हाताला हात लावून पाच जणांनी ताट उचललं. भंडारा अजून हवेत होता तेवढ्यात करिश्माच्या ओढणीत फोन थरथरला. अनोळखी नंबर. 'ताई, हाली रुपयाची पोस्ट वाचली. तसा एक माझ्याकडे आहे. फोटो पाठवू?'

आण्णांनी ताट खाली टेकवलं आणि आधी त्यातलं नाणं जागेवर आहे ना ते बघितलं. मग तिच्याकडं. "कोण हाय?"

तिनं पिवळ्या झालेल्या बोटांनी लिहिलं, 'फोटो नंतर. नाण्याच्या मागच्या बाजूला काय आहे ते आधी सांगा.'

"काय म्हंतोय?" आण्णा तिच्या मागं येऊन उभे राहिले.

"लिहितोय."

वर 'टायपिंग' आलं. गेलं. पुन्हा आलं.