परब मास्तरांच्या तारखा

परब मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ज्याला गाडी येत नसे त्याला टेस्टची तारीख लगेच मिळे, आणि ज्याला येई तो वाट बघत बसे. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला, कारण सरकारी ऑफिस म्हटलं की दिरंगाई आलीच, असं मी धरून चालले होते.

विद्याधर दळवींचंच बघा. बँकेत बऱ्या हुद्द्यावर, स्वभावानं गरीब, पण स्टीअरिंग हातात आलं की रस्त्याकडेचं गटार त्यांना ओढून घ्यायचं. सासऱ्यांनी दिलेली गाडी त्यांच्या बिल्डिंगखाली कापड पांघरून उभी होती. ती एकदा स्वतः बाहेर काढायची, एवढीच त्यांची हौस. त्यांना तारखांवर तारखा मिळत होत्या. ते जात, नापास होत आणि हसतमुखानं परत येत. मला मात्र मास्तर दर वेळी सांगत की तारखा पुढे गेल्यात, ऑफिसात गर्दी फार आहे.

माझं काम हौसेचं नव्हतं. माझे बाबा अल्फान्सो मरोळच्या सिस्टरांच्या दवाखान्याची व्हॅन चालवत. ती व्हॅन आरेच्या पाड्यांवर औषधं घेऊन जाई आणि येताना एखादी अडलेली बाई घेऊन येई. बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा आमच्या घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं, आणि शेत आधीच कारखान्यांच्या शेडखाली गेलेलं. सिस्टर मार्सेलिना म्हणाल्या, पेशंट बहुतेक बायकाच, ड्रायव्हरही बाई असली तर उत्तमच, पर्पेच्युआला, म्हणजे मला, आम्ही ठेवू. मात्र मे महिना संपायच्या आत लायसन्स हातात हवं, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल. हे एकाहत्तर साल. बाई व्हॅन चालवणार म्हटल्यावर गावठाणात लोक पोट धरधरून हसले. बाबांनी मला शिकवून बघितलं, पण दोघांचेही आवाज चढायला लागले, तेव्हा व्हॅन शाबूत राहावी म्हणून त्यांनी मला परब मास्तरांकडे धाडलं.

मास्तरांची स्कूल म्हणजे अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला एक टेबल, एक पाटी आणि एक जुनी लँडमास्टर गाडी. सहदेव परब मूळचे मालवणकडचे. मुंबईत आयुष्यभर ट्रक चालवून उतारवयात त्यांनी ही स्कूल काढली होती. शिकवणं असं की दुसरीकडे मिळायचं नाही. इतर मास्तर जरा चुकलं की खसकन स्टीअरिंग ओढून घेतात. परब मास्तर डावीकडच्या सीटवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत आणि सगळं तोंडानं सांगत. चढावर गाडी मागे घसरायला लागली, मागून ट्रकवाला शिव्या घालतोय, तरी त्यांचा आवाज तोच. क्लच अर्धा सोड, इंजिनाचा आवाज बदलला की ब्रेक सोड. घाबरून मी रडकुंडीला येई, पण गाडी शेवटी मीच चढावर नेई. त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात हजारदा दुवा दिला.

हात बसल्यावर त्यांनी मला एक जादा काम दिलं. ते मरोळ नाक्यावर राहत, म्हणून सकाळी मी त्यांना गाडीतून अंधेरीला आणायचं आणि संध्याकाळी घरी सोडायचं. तेवढीच प्रॅक्टिस, म्हणाले. माझी छाती फुगली. सगळ्या विद्यार्थ्यांतून त्यांनी मला निवडलं, हे मी घरी दोनदोनदा सांगितलं.

मे महिना अर्धा उलटला तेव्हा माझा धीर सुटला आणि मी एकटीच टेस्टच्या ऑफिसात गेले. खिडकीवरचा क्लार्क माझ्याकडे बघतच राहिला. गर्दी कसली? या आठवड्यात हवी तेवढी जागा आहे. तुमच्या मास्तरांना अर्ज आणायला सांगा, तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही.

त्या संध्याकाळी मी मास्तरांना घरी सोडायला निघाले. नाक्याच्या अलीकडे गाडी कडेला घेतली, बंद केली आणि किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली.

"आज तुम्ही चालवा," मी म्हटलं. "मी चालत जाते."

आणि खरंच चालायला लागले. माझं डोकं इतकं तापलं होतं की मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण गाडीचा आवाज काही येईना. शेवटी वळले. मास्तर सरकून स्टीअरिंगमागे बसले होते. किल्ली भोकात घालायची त्यांची धडपड चालली होती, ती काही जात नव्हती. मी खिडकीशी आले. त्यांचे दोन्ही हात मनगटापासून थडथडत होते. हिवताप भरलेल्या माणसाचे होतात तसे, पण अंगात ताप नव्हता.

"बघितलंस?" ते म्हणाले. "दोन वर्षां झाली. डॉक्टर म्हणता, आता ह्या असाच ऱ्हवतला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. थरथरत्या हातांच्या मास्तराकडे कोण शिकायला येणार? स्कूल बंद झाली तर घरी आजारी बायको, जानकीबाई, तिचं औषध कुठून आणायचं? म्हणून गाडी नेणं-आणणं चांगल्या विद्यार्थ्यांवर सोपवायचं आणि दुसरा कुणी तयार होईपर्यंत त्यांची तारीख लांबवायची. माझ्याआधी नंदू नावाच्या मुलाला त्यांनी असंच अडकवून ठेवलं होतं. ज्यांना गाडी येत नाही त्यांना अडवायचं कारणच नव्हतं.

"आणखी दोन महिने थांब गो," मास्तर म्हणाले. "तवसर कोण तरी तयार होयत."

मला त्यांची दया आली आणि राग होता तसाच राहिला. दोन्ही एकाच वेळी पोटात राहू शकतात हे मला तेव्हा कळलं. तो माणूस मला स्टीअरिंगला हात न लावता शिकवत होता, कारण त्याला हात लावताच येत नव्हता. मी ज्याला त्यांची कला समजत होते ती त्यांची अडचण होती, आणि तरीही मला गाडी आली होती ती त्यांच्यामुळेच. हे सगळं खरं होतं. आणि माझ्या घरची चूल महिनाअखेरीला विझणार होती, हेही खरं होतं.

"तुम्ही आधी मला विचारलं असतंत तर मी कदाचित थांबले असते, मास्तर," मी म्हटलं. "पण तुम्ही विचारलं नाहीत. उद्या माझा अर्ज गेला पाहिजे."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना डावीकडे सरकवलं आणि घरी सोडलं.

अर्ज गेला. टेस्टच्या दिवशी साहेबानं मला रिव्हर्स घ्यायला लावलं, खिडकीतून हात काढून सगळे इशारे करायला लावले, आणि बाई म्हणून चढावर दोनदा थांबवलं. मी पास झाले. मे संपायच्या आत लायसन्स सिस्टर मार्सेलिनांच्या टेबलावर ठेवलं आणि जूनपासून व्हॅन माझी झाली. मास्तरांबद्दल मी कुणाकडे अवाक्षर काढलं नाही, पण नाक्यावरून जाताना त्या बाजूला बघायचंही टाळत असे. त्यांची सोय कोण करतं, हे मला जाणून घ्यायचं नव्हतं.

पाऊस सरल्यावर एका सकाळी नाक्यावर ती लँडमास्टर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. चालवत होते विद्याधर दळवी. मास्तर नेहमीच्या जागी.

"बरं झालं भेटलात," विद्याधर म्हणाले. "अहो, मला पूर्वी तारीख कशी पटकन मिळायची. आता मास्तर म्हणतात, पुढे गेली. तुमची ओळख असेल ना ऑफिसात? जरा बघा ना."

मला हसू आलं. त्या भल्या माणसाला कळलंच नव्हतं की त्याला गाडी यायला लागली आहे. मास्तर माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात विनवणी नव्हती. मी आता सांगणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

"मास्तर, यांना विचारा," मी म्हटलं. "सगळं सांगा आणि मग विचारा."

माझ्या गाडीत ताप भरलेलं मूल होतं, मला थांबता येईना. आरशात बघितलं तर लँडमास्टर नाक्यावरच उभी होती, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि विद्याधर मास्तरांकडे तोंड करून ऐकत होते.

पुढे दोन वर्षं, जानकीबाई गेल्या आणि मास्तर गावी परतले तोवर, दळवीसाहेब बँकेत जायच्या आधी मास्तरांना अंधेरीला आणत आणि संध्याकाळी घरी सोडत. मास्तर त्यांना दर महिन्याला न चुकता तारीख देऊ करत. दळवीच म्हणत, या महिन्यात नको, मास्तर, अजून हात बसलेला नाही.