दौलत जॉबरचा कान

रीमाने गाडी घेतली तेव्हा गाडीचं वय एकोणीस होतं. इंजिन मात्र ठणठणीत. टेमघरच्या बायकांना गाडी चालवायला शिकवायचं, असं रीमाने मनाशी पक्कं केलं होतं. परवाना काढून झाला, शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवून झाला, पाटीही रंगवून झाली. सोमवारी पहिल्या विद्यार्थिनी काशीताईंपासून सुरुवात करायचं ठरलं होतं, आणि नेमका गाडीने आवाज धरला.

पुढच्या डाव्या चाकापाशी कड्‌कड्, कड्‌कड्. खड्डा आला की जास्तच. नाव नोंदवलेल्या दोघी एकदा सहज चक्कर मारायला बसल्या, तर परत आल्यावर एक म्हणाली, "चाक निखळून पडेल गं बाई!" दुसरी पुन्हा फिरकलीच नाही.

नाक्यावरच्या कुणालच्या गॅरेजमध्ये गाडी दोनदा गेली. पहिल्यांदा त्याने चाकांजवळचे लिंक रॉड बदलले, दुसऱ्यांदा पुढचे दोन्ही शॉकअप. आवाज होता तसाच. तिसऱ्यांदा गेली तेव्हा कुणालने गाडी जॅकवर उचलली, दोन्ही हातांनी चाक हलवून पाहिलं आणि मान झटकली.

"मॅडम, सगळं टाइट आहे. पुरानी गाडी है, थोडा आवाज तो करेगी. काढून टाका आणि दुसरी बघा."

रीमासोबत गाडीतून आलेले तिचे बाबा, दौलतराव, बाजूच्या बाकावर बसले होते. चौतीस वर्षं ते पॉवरलूमच्या शेडमध्ये जॉबर होते. लूम बिघडला की हाक जायची ती जॉबरलाच. अठ्ठेचाळीस लूम एकदम खडखडत असताना दारात उभं राहून ते बोट दाखवायचे, "तिसऱ्या लायनीतला, खिडकीजवळचा. ढिला झालाय." आणि तो ढिला असायचाच. चार वर्षांपूर्वी शेठने लूम भंगारात काढले. तेव्हापासून दौलतरावांना कोणी काही विचारलं नव्हतं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी नाक्यावर फेरी, एवढंच.

"दोन आवाज हाईत," ते म्हणाले.

कुणाल हसला. "काका, हा लूम नाय. गाडी आहे."

"लोखंडच हाय ना?" दौलतराव म्हणाले. "रीमा, चल. मी सांगतो तशी चालव."

रस्ता मोकळा पाहून रीमाने गाडी हळू घेतली. बाबांनी काच खाली केली, डोळे मिटले आणि कान बाहेर काढला. खड्ड्यांवरून जाताना ब्रेकवर हलका पाय ठेवायला सांगितला. कड्‌कड् तशीच राहिली.

"म्हंजे ब्रेकच्या पट्ट्या न्हाईत. त्या असत्या तर दाबल्यावर गप झाल्या असत्या. आता सरळ जा आन् जोरात दाब."

टक्! एकदाच.

"आता मागं घे आन् परत दाब."

टक्!

दौलतरावांनी डोळे उघडले. इतक्या दिवसांत रीमाने त्यांचा तो शेडमधला चेहरा पाहिला नव्हता.

"खड्ड्यातली कड्‌कड् सगळ्यांनी आयकली. हा टक् कोनी आयकलाच न्हाय. ब्रेक लागला की चाक मागं सरतंय, रिवर्सला पुढं. जे चाकाला जागेवर धरून ठेवतं ना, तेच सुटलंय."

"पण कुणालने तर हलवून बघितलं."

"उचलून बघितलं! चाक हवेत लटकल्यावर वजन कुठं हाय त्याच्यावर? रिकामा लूम कधी वाजतो का? सूत चढलं की वाजतो. ही गाडी जमिनीवर उभी ठेवूनच खालून बघाया पायजे."

जमिनीवर उभ्या गाडीखाली जायचं तर खड्डा हवा, माणूस उभा राहील एवढा. तसा खड्डा दापोड्याला सावळारामकडे होता. सावळाराम दौलतरावांच्या गावचा, बालपणापासूनचा मित्र. गोदामांच्या रांगेत त्याचं ट्रक दुरुस्तीचं मोठं आवार. कुणाललाही राहवलं नाही. "मी पण येतो, बघू तरी," म्हणत तो बाईक घेऊन मागे निघाला.

सावळारामने दोन ट्रक मागे घ्यायला लावले आणि गाडी खड्ड्यावर उभी केली. इंजिन बंद झालं. रीमा आत ब्रेक घट्ट दाबून बसली. दौलतराव शर्टाच्या बाह्या दुमडून खड्ड्यात उतरले, हातात एक लांब स्क्रूड्रायव्हर.

"सावळ्या, तू आन् हा पोरगा गाडी पुढं-मागं हालवा. जोर लावून."

सावळाराम आणि कुणालने बॉनेटला खांदा लावला. गाडी तसूभर मागे सरली, तसूभर पुढे आली. स्क्रूड्रायव्हरची मूठ दौलतरावांनी कानाला लावली आणि टोक शॉकअपवर टेकवलं. काही नाही. लिंक रॉडवर टेकवलं. गप्प. मग चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा जाड लोखंडी हात, लोअर आर्म म्हणतात तो. त्याच्या पुढच्या टोकावर टेकवलं, तिथेही शांत.

मागच्या टोकावर टेकवलं मात्र, आणि दौलतरावांनी झटकन कान मागे घेतला.

"ठोसा बसल्यागत वाजलं!" ते ओरडले. "फडका द्या. रॉकेल द्या."

त्या टोकाशी आर्म एका रबरी बुशमध्ये बसवलेला असतो. त्यावर चिखलाचा जाड थर होता. दौलतरावांनी तो पुसून काढला. रबर वरून धडधाकट दिसत होतं.

"काका, बुश तर ठीक दिसतोय," कुणाल वाकून म्हणाला.

"खाली ये. सावळ्या, तुझ्या एका मानसाला घे आन् परत हालव."

कुणाल खड्ड्यात उतरला. गाडी मागे सरली आणि त्या धडधाकट रबराने तोंड उघडलं. बोट जाईल एवढी फट! आर्म आतल्या लोखंडावर आपटला, टक्! गाडी सोडली, फट मिटली, जणू कधी नव्हतीच.

कुणालने वर बघून "हालवा, हालवा" म्हणत तीनदा ते पाहिलं.

"मी तीन वेळा गाडी उचलली," तो शेवटी म्हणाला. "तिन्ही वेळा हे मिटलेलं होतं."

"तुझं चुकलं न्हाय. ते तुला दिसनारच नव्हतं."

नवा बुश कुणाल स्वतः जाऊन घेऊन आला. गाडी जॅकवर उचलून आर्म सोडवला, सावळारामच्या प्रेसवर जुना बुश दाबून काढला, नवा बसवला. आर्म जागेवर चढवून कुणाल पाना फिरवायला लागला, तसा दौलतरावांनी त्याचा हात धरला.

"आत्ता कसू नको. गाडी आदी चाकावर उतरव. वजन आलं की रबर आपल्या जागी बसंल, मंग कस. लटकत्या चाकावर कसशील तर कायम पिळलेलं र्‍हाईल आन् वर्षात फाटंल."

सावळारामने मांडीवर थाप मारली. "आयला दौल्या, ट्रकला आमी हेच करतो! तुला कोनी शिकवलं?"

"कोनी न्हाय. रबराकडं बघितलं, समजलं."

गाडी उतरवली, मग बोल्ट कसला. रीमाने चावी फिरवली. दौलतराव पुढे तिच्या शेजारी बसले, कुणाल मागे. आवाराबाहेरचा रस्ता ट्रकांनी पार उखडून टाकला होता. रीमाने मुद्दाम सर्वांत वाईट भागातून गाडी नेली. गाडी डुलली, खाली गेली, वर आली. टायरखाली खडी चिरडल्याचा आवाज येत होता, लांब कुठेतरी ट्रकचा हॉर्न. बाकी काही नाही. तिने जोरात ब्रेक दाबला. काही नाही. रिवर्स घेऊन दाबला. तरी काही नाही.

"बाबा!" रीमा किंचाळलीच.

ती वळली आणि पुन्हा त्याच खड्ड्यांतून गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा गोदामाच्या दारातले हमाल हसून बघायला लागले होते आणि दौलतराव सीटवर हात आपटत "परत! परत घे!" म्हणत होते. मागून कुणालने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जॉबर, माझ्याकडे दोन गाड्या अशाच पडून आहेत. एकीला वळताना आवाज येतो. उद्या याल का, जरा ऐकायला?"

बाहेर बघत दौलतरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"दहाला येईन," ते म्हणाले. "वाट बघाया लावू नको."

सोमवारी सकाळी काशीताई रीमाच्या गाडीत बसल्या, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि टेमघरच्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये अख्खे दोनशे मीटर गाडी चालवली. थांबल्यावर त्या घामाघूम झाल्या होत्या.

"ही गाडी जुनी आहे ना गं?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस वर्षांची," रीमा म्हणाली. "आता दुसरा गिअर टाका."