सगळ्यात मोठी तबकडी

मी सायकलच्या ब्रेकची तबकडी. ‘ही आणि कोण बया?’ असं तोंड करू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी सायकलला फक्त रबराचे ठोकळेच पाहिलेत, ते मला ठाऊक आहे. डोंगरउतारावर शर्यती खेळणाऱ्यांच्या सायकलींना चाकाच्या मधोमध माझ्यासारखी पोलादी चकती असते, भोकाभोकांची. मूठ आवळली की दोन पॅड मला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, मी तापते आणि चाक थांबतं. तापायचं आणि गप्प बसायचं, एवढाच माझा धंदा. तापणं जमलं. गप्प बसणं आता जमेना, म्हणून बोलतेय.

पोलादाच्या पत्र्यातून मला कापलं, घासूनपुसून लखलखीत केलं आणि लगेच पिशवीत बंद केलं. जन्मल्या जन्मल्या मी पहिलं वाक्य ऐकलं ते हेच, ‘हिला बोट लावू नका रे.’ मोठी लाडाची वाटले मी मला!

दुकानात आल्यावर लाड संपले. मी मापाने सगळ्यात मोठी, म्हणून सगळ्यात वरच्या खिळ्यावर. गिऱ्हाईक यायचं, मला तळहातावर तोलायचं आणि ‘जड आहे हो’ म्हणून परत टांगायचं. या शर्यतवाल्यांना वजनाचं भारी वेड. दात घासायच्या ब्रशची दांडी कापतील, वेणी कापतील, आणि पोटात दोन प्लेटी जास्तीच्या ढकलून उताराला लागतील. त्यांना समजवायला कोण जाणार?

मग एक दिवस भिंगरी आली. घरातलं नाव. एका जागी बसत नाही म्हणून पडलेलं. सोबत तिचे वडील. ते कपड्यांच्या कारखान्यात शिलाई यंत्रांचे मिस्त्री. शर्टाच्या खिशाला पेन नाही, लांब चोचीची तेलाची बाटली. आत पाऊल टाकल्या टाकल्या दाराच्या बिजागरीकडे कान लावणारा माणूस.

दुकानातल्या दाढीवाल्याने तिच्या सायकलची जुनी तबकडी काउंटरवर ठेवली. लहानखुरी, आणि जळून निळीजांभळी पडलेली.

“हे असं का झालं?” वडिलांनी विचारलं.

“उतार लांब आणि तबकडी लहान, काका. सारखी दाबून ती तापते, आणि फार तापली की पकड सुटते. मोठी असली की कमी जोरात जास्त धरते, आणि तापतेही उशिरा.”

“मग सगळ्यात मोठी द्या.”

“बाबा, जड होते ती,” भिंगरी कुरकुरली. “मधली बास झाली.”

“तू गप. सरावाला गवताच्या गठ्ठ्यांत शिरलीस. ते गठ्ठे नसते म्हणजे? तुझी आई तेव्हापासून धड जेवलेली नाही. एक तर मोठी तबकडी, नाहीतर ही सायकल विकायची. बोल.”

भिंगरीने दाढीवाल्याकडे मदतीला पाहिलं. तो म्हणाला, “काका बरोबर बोलतायत. तुझं पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला एवढं माप चालतं, याच्यापुढे नाही. पुढच्या चाकाला ही लावू, मागच्याला एक माप लहान.”

अशी मी खिळ्यावरून उतरले. एका बापाने लेकीच्या जिवासाठी मला निवडलं. माझ्या जातीच्या नशिबात याहून मोठा मान नाही.

वडील सायकल उचलून बाहेर गेले, तेव्हा दाढीवाल्याने भिंगरीला थांबवलं. “नवी आहे, थोडे दिवस ओरडेल. हळूहळू दाबत राहा, पॅड नीट बसले की गप्प होईल. आणि तेलाचा थेंब लागू देऊ नकोस. तेल लागलं की ही नुसती शोभेची.”

“माहितीये हो, दादा,” म्हणून ती पळाली. तिला ते खरंच माहीत होतं. घरी सांगायला हवं, हे मात्र तिच्या मनात आलं नाही. तिच्या सायकलला दुसरं कुणी हातच लावत नसे.

आणि मी ओरडले. काय ओरडले! गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला तर आतल्या घरातली बाळं उठत. वडील कानावर हात ठेवत.

“अगं, पोटातून ओरडतेय ही.”

“ओरडू दे बाबा, होईल बंद,” असं म्हणून ती निघून जायची. ते मात्र मान हलवत उभे राहायचे. त्यांचा सगळा जन्म एका गोष्टीवर गेलेला. यंत्र ओरडलं की ते तेल मागतं. कारखान्यात त्यांच्या बाटलीने किती यंत्रं शांत झाली असतील, कोण जाणे. आवाजावरून रोग ओळखणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती.

शर्यतीच्या दिवशी ट्रकमधून आम्ही माथ्यावर गेलो. ती सरावाला येऊ लागल्यापासून वडील पहिल्यांदाच सोबत आले होते. भिंगरी वरची वळणं पायी बघून यायला गेली आणि सायकल त्यांच्याकडे ठेवली. कुणाला तरी वाट द्यायला त्यांनी सायकल जरा सरकवली, ब्रेक दाबला, आणि मी किंचाळले.

“काका, सायकलमध्ये कुणाची सासू बसवलीय का?” मागून एकजण म्हणाला. सगळे हसले.

वडिलांचे कान लाल झाले. लेकीला सगळ्यांदेखत हसतील, हे त्यांना सोसेना. त्यांनी खिशातली बाटली काढली. चोच बरोबर माझ्या आणि पॅडच्या मध्ये घातली. इतकं हळुवार, इतकं नेमकं तेल मला कुणी घातलं नसतं. मागच्या चाकालाही घातलं. वरचे ओघळ रुमालाने टिपले. चाक फिरवलं, मूठ दाबली. चूं नाही की चां नाही.

“झालं की नाही बाळ शांत?” ते मला म्हणाले.

अहो, पुसा! पुसा मला! मी आतून आकांत करत होते. पण मला एकच आवाज येत होता, आणि तोच त्यांनी बंद केला होता.

भिंगरी धावत आली. तिचा पुकारा झाला होता. वडिलांना सांगायचं होतं, पण घाई होती. खाली भेटल्यावर सांगू, खूश होईल, असं त्यांनी ठरवलं असावं, कारण ते गालातल्या गालात हसत होते. भिंगरीने सुटण्याआधी मूठ आवळून पाहिली. मूठ कडक लागली. उभ्या सायकलीवर तेवढंच कळतं.

सुरुवातीची वाट सरळ. तिथे ब्रेक कुणी लावत नाही. मग खडकाची पायरी आणि पुढे लगेच वळण, खाली घळ. शिकल्याप्रमाणे तिने एका बोटाने दाबलं. पॅड माझ्या अंगावरून घसरले. तिने सगळी बोटं आवळली. दोन्ही हातांनी जीव खाऊन दाबलं.

“धर,” ती म्हणाली. मला म्हणाली ती. “धर ना गं!”

नाही धरता आलं.

ती वाचली. कमरेखालचं सगळं गेलं.

वाकड्या चाकातून दाढीवाल्याने मला सोडवलं. बोट फिरवलं, वास घेतला आणि तेच बोट परत परत फडक्याला पुसत राहिला. भिंगरी शुद्धीवर आल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने मला दवाखान्यात नेलं. “मी लावलं नाही गं हे,” तो रडत म्हणाला. “तुझी शपथ.”

तिने मला नाकाशी धरलं. तो वास तिला लहानपणापासून ओळखीचा होता. बाबांनी कडेवर घेतलं की त्यांच्या शर्टाला तोच यायचा.

तिने मला पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं. मग म्हणाली, “दादा, कुणाला सांगितलंत?”

“नाही अजून.”

“मग सांगूच नका.”

तेवढ्यात वडील आत आले. दाढीवाल्याला बघताच त्यांनी त्याची कॉलरच धरली. “हरामखोरा, काय ब्रेक बसवलास तू? पोरगी मारलीस माझी!” भिंगरीने मला गादीखाली सारलं.

“बाबा, सोडा त्यांना. ब्रेक चांगला होता. मीच दाबला नाही.”

वडिलांचे हात सुटले. “काय म्हणालीस?”

“वेळ वाचवायला. पहिलं यायचं होतं मला.”

“एवढी मोठी तबकडी आणून दिली तुला,” ते म्हणाले, “आणि तू दाबलाच नाहीस?” आणि निघून गेले.

ती घरी आली, तिच्या सामानासोबत मीही आले. आता तिच्या गादीखाली असते. वडील तिला उचलतात, न्हाऊ घालायला आईला हात देतात, कूस वळवतात, सगळं करतात. बोलत मात्र नाहीत. “अहो, एक शब्द तरी बोला तिच्याशी,” आई विनवते. “तिला सांग, जिवाची पर्वा नव्हती तर आईबापाची तरी करायची होतीस,” ते भिंतीकडे बघून म्हणतात. भिंगरी ऐकून घेते. मला इतका संताप येतो की तेवढ्याने मी लाल होईन.

काल संध्याकाळी तिला खुर्चीत बसवताना ते थांबले.

“एक विचारू?”

कित्येक महिन्यांनी तिच्याशी सरळ बोलले. तिने मान वर केली.

“त्या दिवशी ब्रेकचा आवाज बंद केला होता मी. तुला कळलं होतं?”

भिंगरीने ओठ घट्ट मिटून घेतले. मग हसली. कसं हसली, ते तिचं तिलाच ठाऊक.

“हो बाबा. लगेच कळलं. अगदी छान झाला होता ब्रेक.”

“मग दाबला का नाहीस गं?” असं म्हणून त्यांनी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडले. तिला मांडीवरचं डोकं जाणवत नव्हतं. ती त्यांच्या केसांतून हात फिरवत “चुकलं बाबा, चुकलं” म्हणत राहिली.

तिने निरोप धाडलाय, आता दाढीवाला मला न्यायला येणार आहे. भंगारात जाईन, भट्टीत जाईन, वितळेन. माझं काही नाही. तुम्हाला मात्र हात जोडून सांगते, ते गृहस्थ कधी भेटले आणि लेकीच्या नावाने बोटं मोडू लागले, तर गुमान ऐकून घ्या. त्यांना काही सांगू नका. पोरीने फार मोल देऊन त्यांना जपलंय. पण तुमच्यापुरतं एवढं मनात असू द्या, तिने ब्रेक दाबला होता. अगदी खडकावर आपटेपर्यंत दाबून धरला होता.